परेराबाईंनी धरलेला डूख

माफ करणं परेराबाईंना जमायचं नाही. जमायचं नाही म्हणजे त्यांनी ते कधी करूनच बघितलं नाही. एकदा पापलेट शिळं निघालं म्हणून त्यांनी गिरगावातली वर्षानुवर्षांची कोळीण सोडली, आणि नव्या कोळणीला पहिल्याच दिवशी जुनीला का सोडलं ते सविस्तर सांगून ठेवलं. ऑफिसात लोक म्हणायचे, बाई डूख धरतात. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "धरते ना. साप डूख धरतो तर त्याला दूध पाजता, मी धरला तर तुमचं काय बिघडतं?"

मी परब. राहणार लालबाग, तोंडाने फाटका. दादरला हेड ऑफिस असलेल्या एका सहकारी बँकेत मी परेराबाईंच्या हाताखाली काम केलं. खात्याचं नाव कंप्लायन्स, आणि खात्यात माणसं दोनच, त्या आणि मी. चाळीत मला कोणी विचारलं, 'कंप्लायन्स म्हणजे रे काय?' तर मी सांगायचो, बँकेत चोरीचा पैसा शिरू नये म्हणून बसवलेला वॉचमन. फक्त कधी कधी वॉचमनला पगार देणारा मालकच चोर निघतो, एवढीच काय ती पंचाईत.

बाई उंच, काटकुळ्या. पिंढरीपर्यंतचा फ्रॉक, एसीमुळे वर निळं कार्डिगन, पर्समध्ये स्वतःचा चमचा. फणसवाडीच्या अलीकडे एका वाडीत जन्मल्या आणि तिथेच राहिल्या. शेजार सगळा मराठी, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा चोख. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. कुठलाही कागद हातात आला की त्या आधी उलटा करून मागची बाजू बघायच्या आणि मग पुढची वाचायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुढची बाजू लोक आपल्यासाठी सजवतात. मागे कोणाचं लक्ष नसतं."

शाखाशाखांतून नवीन पोरांना शिकवायला त्या जायच्या तेव्हा मीही बरोबर असायचो. भायखळ्याच्या शाखेत एका पोराने विचारलं, "मॅडम, खातेदार ओळखीचा असेल तर कशाला एवढी चौकशी?" बाई म्हणाल्या, "ओळखीचा असेल तर दुप्पट कर. अनोळखी माणूस तुला फसवायला जरा तरी घाबरतो. ओळखीचा बिनधास्त फसवतो, कारण तू त्याच्याकडे जेवायला जाणार असतोस." मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "लग्नाला जा, अक्षता टाका, आणि न जेवता घरी या." पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, कारण त्या खरोखरच तसं करायच्या.

दिवाळीला एका बिल्डरने त्यांच्या टेबलावर सुकामेव्याची हीऽ मोठी टोपली पाठवली. दुसरी कोणी असती तर नको म्हणून परत केली असती किंवा गुपचूप शिपायांत वाटली असती. बाईंनी टोपली शिपायाबरोबर बिल्डरच्या ऑफिसात परत पाठवली आणि 'टोपली परत मिळाली, बदाम मोजून घेतले' अशी शिक्क्यासकट पोच मागवली. त्या बिल्डरच्या माणसाने खरंच बसून बदाम मोजले म्हणे. पुढच्या दिवाळीला आमच्या टेबलावर साधं ग्रीटिंगसुद्धा आलं नाही.

आता आप्पाकडे येतो. आप्पासाहेब म्हणजे आमच्या बँकेचे चेअरमन. मी त्याला आप्पाच म्हणणार. साहेब म्हणायचं माझं तोंड आता होत नाही. पांढराशुभ्र सफारी, कपाळाला अष्टगंध, कोणी भेटलं की आधी त्याच्या आईची तब्येत विचारायची. संचालक मंडळात डॉक्टर होते, वकील होते, एक निवृत्त प्राचार्य होते, आणि कुठलाही विषय निघाला की सगळ्यांचं मत एकच, 'आप्पा म्हणतील तसं'. मीटिंगमध्ये बटाटेवडे फार चांगले असायचे. तेवढ्यावर बँकेचा कारभार चालायचा.

या आप्पाचंच खातं एकदा बाईंनी बंद पाडलं. ओळखीच्या पुराव्याचे कागद नव्याने द्यायची मुदत उलटून गेली होती, त्याने दिले नव्हते, नियमाप्रमाणे खातं अडकलं. नेमका घरात समारंभ होता, चेक परत आला. आप्पा स्वतः खाली आमच्या टेबलाशी आला.

"परेराबाई, मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला माहीत आहे, आप्पासाहेब. सिस्टिमला माहीत नाही. दोन फोटो आणि आधारची प्रत द्या."

सगळं ऑफिस बघत होतं. आप्पा मोठ्याने हसला, बाईंच्या खांद्यावर थोपटलं, म्हणाला, "बँकेला अशीच माणसं पाहिजेत!" आणि कागद पाठवून दिले. पण जाताना बरोबरच्या पुतण्याला काय म्हणाला ते मी ऐकलं. म्हणाला, "ही कागदाची बाई आहे. कागद दिला की गप्प बसते." आप्पाची चूक झाली ती इथे. बाईंचा खांदा थोपटला ती दुसरी चूक. तेही त्या विसरल्या नव्हत्या.

एवढा राग कुठून आला असेल, असं मला वाटायचं. एकदा नाताळच्या आदल्या आठवड्यात बाई आपणहून बोलल्या. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. गिरगावातल्या एका पतपेढीत त्यांनी सगळी पुंजी ठेवली होती, कारण पतपेढीचा सेक्रेटरी दर नाताळला त्यांच्या घरी केक खायला यायचा, मांडीवर छोट्या ग्लॅडिसला घ्यायचा. ग्लॅडिस म्हणजे परेराबाई. पतपेढी बुडाली, सेक्रेटरीला काही झालं नाही. वडिलांनी पुढे कोणाला घरी बोलावलंच नाही, मरेपर्यंत.

"तो सेक्रेटरी म्हातारा होऊन, हार घालून, बँडबाजात गेला," बाई म्हणाल्या. "मी गेले होते मयतीला."

"तुम्ही? कशाला?"

"खात्री करायला."

मग म्हणाल्या, "तेव्हा मी लहान होते, परब. सुटला तो." मी चहा मागवला.

आणि मग आलं ते हळदीकुंकू. संक्रांतीनंतर बँकेने लालबागच्या शाखेतर्फे तिथल्याच एका हॉलात महिला मेळावा घेतला. यजमानीण आप्पाची बायको, व्यवस्था पुतण्याची. तिळगूळ, गजरे, वाण म्हणून स्टीलचा डबा. डबा घ्यायचा तर आधी एका टेबलावर सही करायची आणि आधारची प्रत द्यायची. कशाची सही? तर 'बचतगटाची'. बायकांनी सह्या केल्या, डबे घेऊन घरी गेल्या. प्रत्येकीच्या नावाने बँकेत नवीन खातं निघालं होतं, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

खाती उघडून पास करण्याचं काम त्या शाखेत विद्या गावकर करायची. लालबागच्याच चाळीतली, बाप नाही, घरात ती आणि आई. मी तिला परकरात बघितलेली. पुतण्याने येऊन तिचा पासवर्ड मागितला, तिने दिला. कोणी म्हणेल, का दिला? अहो, आमच्या शाखांत पासवर्ड म्हणजे टाचणी. ज्याला लागेल तो मागतो, ज्याच्याकडे असेल तो देतो. त्यातून मागणारा चेअरमनचा पुतण्या.

दोन-तीन महिन्यांनी त्या खात्यांत पैसा वाहायला लागला. केमिकलच्या, लोखंडाच्या, कुठकुठल्या कंपन्यांकडून पैसे यायचे आणि त्याच दिवशी पुढे निघून जायचे. खातेदार कोण, तर पापड लाटणारी, डबे पोचवणारी. काळा पैसा फिरवायला गरिबांची नावं वापरायची, ही जुनीच तऱ्हा आहे. बाईंनी सगळे अर्ज मागवले, नेहमीप्रमाणे उलटे करून बघितले, मग सुलटे. दुपारची वेळ होती, मी डबा धुऊन आलो तर मला म्हणाल्या, "परब, तुझी आई हळदीकुंकवाला जाते?"

"बाबा गेल्यापासून नाही."

"का?"

"बोलावत नाहीत कोणी. आणि बोलावलं तरी तीच जात नाही. आमच्याकडे अजून तसंच आहे, मॅडम."

बाईंनी अर्धा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "मग या कशा गेल्या?"

मी बघितलं. प्रत्येक अर्जावर तारीख मेळाव्याची, जागा मेळाव्याची, आणि पुढे छापलेल्या चौकटीत खूण 'विधवा' या शब्दावर. माझं डोकं एकदम फिरलं. गिरणीकामगारांच्या या बायका, नवऱ्याच्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं आमच्याकडे येणाऱ्या. त्यांच्या जुन्या कागदांच्या प्रती काढून पुतण्याने गठ्ठा जाड केला होता. सह्या ठोकून दिल्या होत्या खोट्या. बायकांच्या समारंभाची यादी पुरुषांनी बसून केली, की असं होतं. कोणाला बोलावतात नि कोणाला नाही, हे त्या मेल्याला माहीतच नव्हतं.

"मला कधी कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही," बाई म्हणाल्या. "वाडीत लहानपणी मी दारात उभी राहून बघायचे. दारात उभं राहणाऱ्याला बरोबर कळतं, आणखी कोण कोण बाहेर आहे."

त्याच दिवशी बाईंनी दिल्लीला, काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. असा अहवाल पाठवला हे कोणालाही सांगणं कायद्याने गुन्हा आहे. ज्याच्याबद्दल पाठवला त्याला तर नाहीच, पण चेअरमनला नाही, शेजारच्या टेबलाला नाही, बायकोला नाही. कळलं तर चोर सावध होतो, कागद जाळतो, पैसा पळवतो. बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "परब, तुझं तोंड मला माहीत आहे. हे तोंड उघडलंस तर आप्पा सुटेल आणि तू आत जाशील. कळलं?" मी आईची शपथ घेतली, आणि खटल्यात सगळं बाहेर येईपर्यंत पाळली.

काही महिन्यांनी सरकारी तपासनीस आले आणि त्या खात्यांबद्दल प्रश्न विचारू लागले. आप्पाला वाटलं, नेहमीची तपासणी. पण बळी द्यायला कोणीतरी लागणारच होतं. पासवर्ड कोणाचा? गावकरचा. एका दुपारी विद्याला सस्पेंड केलं, पोलिसात तक्रार दिली, आणि 'अफरातफरीमुळे निलंबित' म्हणून तिच्या फोटोसकट नोटीस शाखेच्या दारात लावली. तिच्याच चाळीतल्या माणसांची खाती होती त्या शाखेत. भाजी घ्यायला जाणारी माणसं थांबून वाचत होती. विद्याचं साखरपुड्यापर्यंत आलेलं लग्न मोडलं. पोरगी घराबाहेर पडायची बंद झाली.

आणि मला सगळं माहीत होतं! रात्री जेवण जायचं नाही. मी बाईंना म्हटलं, "मॅडम, निदान विद्याला तरी सांगू या. तिच्या आईला सांगू या."

"नाही."

"पोरगी जिवाचं काहीतरी करून घेईल!"

"तिच्या शेजारणीला सांगितलंय, तिला एकटी सोडायची नाही. काय आहे ते नाही सांगितलं. तपासनीसांना जे सांगायचं ते मी सांगितलंय. सगळे मूळ कागद त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत आप्पाला वाटलं पाहिजे, की मी त्याच्या बाजूची आहे." बोलताना त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ते काढता काढता मोडलं.

पुढच्या आठवड्यात विद्याची आई हेड ऑफिसात आली. मालवणी बाई, पदर खोचलेला. सगळ्या हॉलमध्ये तिने परेराबाईंना शोधून काढलं आणि टेबलापुढे उभी राहून बोटं मोडली. "तू तपासतंस ना सगळा? मग माझ्या चेडवाक तूच बुडवलंस! चेअरमनाचा खाऊन गप बसलंस! तुजा वाटोळां होतलां, बघ तू!" बाई उठून उभ्या राहिल्या, हात टेबलावर, मान खाली. आप्पा केबिनच्या दारातून बघत होता. मग तोच पुढे आला, शिपायांना म्हणाला, "आजींना पाणी द्या, खाली सोडा," आणि बाईंच्या शेजारी उभा राहिला, आपल्या माणसाच्या शेजारी उभं राहतात तसा. तेव्हा त्याचा चेहरा कसा दयाळू दिसत होता! मला त्याच क्षणी पेपरवेट उचलून हाणावासा वाटला. नाही हाणला, ही बाईंचीच शिकवण.

त्या दिवसापासून आप्पाचा बाईंवर पूर्ण विश्वास बसला. बाई त्याच्याशी हसून बोलू लागल्या. वड्यांच्या मीटिंगलाही बसू लागल्या, वडा न खाता. तपासनीस एक दिवस टेम्पो घेऊन आले आणि सगळे मूळ कागद, कॉम्प्युटरमधल्या नोंदी, सगळं उचलून घेऊन गेले. बाई त्या संध्याकाळी घरी जाताना म्हणाल्या, "आता जाळण्यासारखं काही उरलं नाही. आता बोललं तर चालतं. अहवालाचा अ मात्र काढायचा नाही."

थोड्याच दिवसांनी त्या निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ बँकेची वार्षिक सभा आली, परळच्या एका हॉलमध्ये. ज्याने सहकारी बँकेची वार्षिक सभा बघितली नाही त्याला सांगतो. सभासद येतात भेटवस्तूसाठी. स्टेजवरून विषय वाचतात, पुढच्या रांगेत बसवलेली माणसं ओरडतात 'मंजूर, मंजूर', आणि विषय मंजूर होतो. कोणी प्रश्न विचारायला उठला, की त्याच वेळी मागे भेटवस्तूची कुपनं वाटायला घेतात. अर्धा हॉल उठतो, प्रश्न विरून जातो. एवढा साधा उपाय आहे.

आप्पाने माईकवरून हिशेब वाचले. मग आवाज जड करून म्हणाला, "दुःखाने सांगतो, एका कर्मचाऱ्याने बँकेच्या विश्वासाला तडा दिला. विद्या गावकर." नाव घेतलं. थोडं बोलून पुन्हा घेतलं. मागच्या भिंतीशी विद्याची आई उभी होती, तिने भिंतीला हात टेकला. "पण आमचं कंप्लायन्स खातं जागं होतं," आप्पा म्हणाला. "निवृत्त झालेल्या परेराबाईंचा आज सत्कार. बाई, या. दोन शब्द बोला. गावकर प्रकरणात बँकेने कशी तत्परता दाखवली, ते सांगा सभासदांना."

बाई स्टेजवर चढल्या. आप्पाची बायको शाल आणि नारळ घेऊन पुढे आली. बाईंनी दोन्ही हात मागे घेतले आणि माईकशी गेल्या.

"मी बँकेची सभासद आहे. सभासद म्हणून एकच विचारते. मेळाव्याला ज्यांनी सह्या केल्या असं बँक म्हणते, त्यातल्या पुष्कळ इथे बसल्या आहेत. भागीरथीबाई, तुम्ही हळदीकुंकवाला गेला होतात?"

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी चपापून उठली. "मी? माका कोण बोलयतलो गे बाये? घोव जावन किती वर्सां झाली!"

"पार्वतीबाई, तुम्ही?"

"काय विचारताय बाई! आमच्यासारख्या जातात होय?"

"अनुसयाबाई?"

अनुसयाबाईंनी नुसता मोकळ्या कपाळाला हात लावून दाखवला. एकेक म्हातारी उभी राहत गेली. बाई नावं पाठ म्हणत होत्या, हातात कागद नव्हता. सगळ्या हॉलला कळत होतं. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही, आपल्या घरात कोण कोपऱ्यात बसतं ते माहीत असलं की पुरतं. बाईंनी आप्पाच्या बायकोकडे वळून विचारलं, "यजमानीण तुम्ही होतात. यांच्यापैकी एकीला तरी कुंकू लावलंत?"

ती बिचारी घाबरून खरं बोलून गेली. "नाही हो. मी कशी लावीन?"

"मग यांच्या सह्या घेणाऱ्या टेबलावर कोण बसलं होतं?"

"किरण," ती म्हणाली. किरण म्हणजे पुतण्या. आप्पाने तिचा दंड धरून मागे ओढलं.

"गावकर त्या दिवशी कुठे होती?"

"शाखेत, काउंटरवर," भागीरथीबाईच ओरडली. "माका पेन्शन तिनाच दिल्यान!"

पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' सुरू झालं. मागे कुपनं वाटायला घेतली. मी देवाशप्पथ सांगतो, एक माणूस उठला नाही. उभ्या म्हाताऱ्या उभ्याच राहिल्या. कोणीतरी आप्पाच्या नावाने शिवी हासडली आणि मग कोणाचंच कोणी ऐकलं नाही.

जिन्यात विद्याच्या आईने बाईंचे पाय धरले. बाईंनी तिला उठवलं, पण गळ्यात वगैरे घेतलं नाही. म्हणाल्या, "शिव्या दिल्यात ते बरं केलंत. त्या ऐकून त्याला खात्री पटली." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "पण 'खाऊन' म्हणालात ते मला लागलं. मी कोणाचं खात नाही." म्हातारी रडतच राहिली.

पुढचं पेपरात येऊन गेलंय. संचालक मंडळ गेलं, प्रशासक आला, आप्पा आणि पुतण्या आत जाऊन जामिनावर सुटले, खटला उभा राहिला. प्रशासकाने विद्याला कामावर परत घेतलं. पण आप्पाचा वकील कोर्टात अजून तेच पालुपद लावून बसला होता, सगळं गावकरबाईने केलं, माझ्या अशिलाला फसवलं. शाखेत येणारी माणसं अजून दुसऱ्या काउंटरच्या रांगेत उभी राहायची.

बाईंनी त्यावर एक उद्योग सुरू केला. त्यांची साक्ष केव्हाच झाली होती, कोर्टात त्यांचं काही काम नव्हतं. तरी प्रत्येक तारखेला त्या जायच्या. चर्चला घालायचा चांगला फ्रॉक, मोत्यांची माळ. कोर्टाच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी बाक आहे, त्यावर बसायच्या. आप्पाला वर जायचं तर त्या बाकासमोरूनच जावं लागायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला त्या हरामखोराचं तोंड बघायला जाता?"

"मी त्याला बघायला जात नाही. त्याने मला बघावं म्हणून जाते."

"तुमच्या धर्मात माफ करा सांगतात ना?"

"माफीचं काम फादरचं. त्यांना पगार मिळतो त्याचा."

शेवटी शेवटी बाईंना धाप लागायची. डॉक्टरांनी जिने बंद केले होते. त्या दिवशी मी टॅक्सीने त्यांना नेलं, हात धरून बाकावर बसवलं. आप्पा आला. सफारी ढगळ झालेली, अष्टगंध नाही, एका हाताने वकिलाला धरलेलं. तो बाकाशी आला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच थांबला.

"परेराबाई, पुरे करा आता. म्हातारा झालो मी."

"मीही झाले."

"काय पाहिजे तुम्हाला? सांगून टाका एकदा."

"ज्या तोंडाने स्टेजवरून त्या मुलीचं नाव घेतलंत, त्याच तोंडाने खरं बोला."

वकील म्हणाला, "साहेब, चला, एक अक्षर बोलू नका." त्याने हात ओढला. आप्पा हलला नाही. ओठ हलले, आम्हाला ऐकू आलं नाही.

बाईंनी कानामागे हात धरला. "मोठ्याने."

"विद्या गावकरने काही केलं नाही," आप्पा म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं." तारखेला आलेली माणसं, वकील, पोलीस सगळे वळून बघायला लागले. वकिलाचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू! माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते इथे लिहिताना अजून वाटतंय.

बाई उठल्या. "चल परब, भूक लागली." बाहेर येऊन त्यांनी मला इडली खायला घातली, पैसे स्वतः दिले. मी म्हटलं, "मॅडम, झालं आता. पुढच्या तारखेला तुम्ही घरीच राहा, आराम करा."

"का? एकदाच तर म्हणाला. स्टेजवरून किती वेळा म्हणाला होता?" त्यांनी पर्समधून चमचा काढला, रुमालाने पुसला आणि चटणी कालवायला घेतली.

पुढची तारीख यायच्या आधी बाई झोपेतच गेल्या. गिरगावच्या चर्चमध्ये वाडीतली माणसं होती, बँकेतली होती, मागच्या बाकांवर म्हाताऱ्या होत्या.

तारखेला मी कोर्टात गेलो. का गेलो, मलाच माहीत नाही. जिन्याच्या अलीकडच्या वळणावर आप्पाने मला गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाला, "बाई नाही आल्या आज?"

"गेल्या," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. सुटलो असा श्वास, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग वकिलाचा हात धरून तो जिन्याकडे वळला. बाकावर विद्या बसली होती.